सर्वनामांचा परवचा

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, नॉटिंगहॅमच्या एका अलॉटमेंटवर माझ्या थोरल्या साडूंनी सतरा झेंडू दंड म्हणून भरले. हजर तिघे: दंड भरणारे थोरले साडू, दंड वसूल करणारे त्यांचे शेजारी, आणि तेच झेंडू तोरणासाठी न्यायला वॉटफर्डहून एकशे दहा मैल गाडी चालवत आलेला मी. त्या दिवसापासून माझं ठाम मत झालं आहे की अर्धवट कामं करणारी माणसं जगात हवी तितकी सापडतील, पण एकच काम इतकं पूर्ण करणारा, की त्यापायी बाकीची सगळी अर्धवट राहावीत, असा माणूस या बेटावर एकच आहे आणि तो माझ्या थोरल्या मेहुणीचा नवरा आहे.

थोरले साडू बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत होते. तिथे एक ड्रॉवर पूर्ण तपासून बंद केल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, अशी शिस्त होती. बाकीचे फार्मासिस्ट ही शिस्त संध्याकाळी पांढऱ्या कोटाबरोबर खुंटीला टांगून घरी जात. थोरले साडू ती घरी घेऊन आले. जेवताना ते आधी सगळी कोशिंबीर संपवतात, मग सगळी भाजी, मग कोरड्या पोळ्या, मग वाटीभर वरण पितात आणि शेवटी नुसता पांढरा भात खातात. आमच्याकडे पहिल्यांदा जेवले तेव्हा त्यांना कोरडी पोळी चावताना पाहून माझ्या बायकोनं तीनदा भाजी वाढली, आणि तिन्ही वेळा त्यांनी पोळी बाजूला ठेवून आधी भाजी संपवली. ते जेवण पावणेदोन तास चाललं. त्यांच्या घराचं पुढचं दार निळं आहे आणि चौकट तपकिरी, कारण दाराला अजून एक हात द्यायचा बाकी आहे, असं ते सहा वर्षं सांगत आहेत. निवृत्त झाल्यावर ते पोहायला शिकायला गेले. पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरनं तरंगायला शिकवलं. पुढचं सगळं वर्ष ते फक्त तरंगले. हात मारा म्हटलं की म्हणायचे, आधी तरंगणं पक्कं होऊ दे. पोरंटोरं त्यांना वळसा घालून पोहत. पूलवरचा लाइफगार्ड बदलला की नवा लाइफगार्ड त्यांच्यासाठी एकदा तरी पाण्यात उडी टाकत असे. मी एकदा स्पष्टच विचारलं, "अहो, पण पोहणार कधी?"

"आता बुडणार तर नाही ना?" ते म्हणाले. "मग झालं. पोहणं ही हौस आहे."

अलॉटमेंट म्हणजे कौन्सिल भाड्यानं देते ती भाजीपाल्याची पट्टी. कुंपणाच्या आत अशा पंचवीस-तीस पट्ट्या, प्रत्येकीवर एक शेड आणि प्रत्येक शेडमध्ये एक किटली. थोरल्या साडूंच्या शेजारची पट्टी जॉर्जियातल्या कुताइसी गावच्या एका म्हाताऱ्या शिंप्याची. त्यांनी पंचवीस वर्षं नॉटिंगहॅममध्ये कपडे अल्टर करायचं दुकान चालवलं. बायको वारली, मुलगी कॅनडात. थोरले साडू त्यांना 'बतोनो' म्हणतात. त्यांच्या भाषेत आपल्या 'साहेब'च्या वळणाचा हा शब्द, म्हणून मीही तेच म्हणतो. त्या सगळ्या आवारात झेंडू फक्त तिघांकडे होता. एक इंग्रज बाई टोमॅटोवर पांढरी माशी येऊ नये म्हणून तो लावत. थोरले साडू दसऱ्यासाठी लावत. आणि बतोनो खाण्यासाठी लावत. पाकळ्या सुकवायच्या, कुटायच्या आणि अक्रोडाच्या वाटणात घालायच्या, अशी त्यांच्याकडची पद्धत आहे. देवाच्या फुलांचा मसाला होतो हे पाहून माझी थोरली मेहुणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, दोन दिवस अस्वस्थ होती. मग तिनं ते वाटण बोटानं चाखलं आणि तिसऱ्या दिवशी आमटीत घातलं.

बतोनोंचा झेंडू बुटका आणि गडद, जवळजवळ विटकरी; थोरल्या साडूंचा नेहमीचा केशरी. थोरल्या साडूंना त्याचं बियाणं हवं होतं. इंग्रजीत मागितलं असतं तर दोन मिनिटांत मिळालं असतं. पण ज्याचं बी घ्यायचं त्याच्या भाषेत मागायला हवं, असं त्यांनी ठरवलं, चॅरिटी शॉपमधून जॉर्जियन व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आणलं, आणि लिपीनंतरचं पहिलं प्रकरण उघडलं. ते सर्वनामांचं होतं. या गोष्टीला आता चार वर्षं झाली. बियाणं बतोनोंनी त्याच आठवड्यात, न मागता, कागदाच्या पुडीत बांधून दिलं; नीट मागता आल्याशिवाय पेरायचं नाही म्हणून ती पुडी अजून तशीच आहे. सर्वनामांचं प्रकरण अजून चालू आहे.

मी आकड्यांत रमणारा माणूस. वॉटफर्डच्या एका कंपनीत पेरोल सांभाळतो. भाषेतलं मला फारसं कळत नाही, म्हणून मी त्यांना सरळ विचारलं की नामं सोडून सर्वनामं कशाला.

"नाम हा किरकोळ माल आहे," ते म्हणाले. "वांग्याला एक शब्द, कुदळीला एक शब्द, किती साठवणार? सर्वनाम घाऊक. एक आणलं की त्यात सगळी दुनिया येते. शिवाय बोट आहेच दाखवायला."

"आणि क्रियापद?"

"त्याला वेळ आहे. आधी कोण कोण आहे ते कळू दे, मग कोण काय करतं ते बघू."

तर अशा रीतीनं ते जॉर्जियन भाषेत कोण कोण आहे ते शिकू लागले. त्यांनी एक तक्ता केला. सहा पुरुषवाचक, सहा कुणाचं काय ते सांगणारी, तीन दर्शक, पाच प्रश्नार्थक, चार अनिश्चित, तीन नकाराची, एक 'स्वतः' आणि एक 'एकमेकांना'. एकूण एकोणतीस. बेरीज मी दोनदा केली आहे. पुस्तकात याहून अधिक आहेत, पण ती त्यांनी पुढच्या हिवाळ्यासाठी राखून ठेवली आहेत. आणि हा तक्ता ते लहानपणी आपण तिन्हीसांजेला हातपाय धुऊन पाढे, वार आणि महिने म्हणायचो, त्या परवच्यासारखा म्हणत. "मे, शेन, इस; च्वेन, त्क्वेन, इसिनी," म्हणजे मी, तू, तो; आम्ही, तुम्ही, ते; चाल बे एके बेची. पहिलाच शब्द 'मे' आहे हे कळल्यावर त्यांना परदेशात चुलतभाऊ भेटल्यासारखं झालं होतं.

घरात याचे परिणाम व्हायचे ते झाले. जॉर्जियनमध्ये माझ्याजवळच्या वस्तूला 'एस', तुझ्याजवळच्या वस्तूला 'एग' आणि लांबच्या वस्तूला 'इस' म्हणतात. आपल्याकडे हे आणि ते, दोनच. 'तुझ्याजवळचं' यासाठी मराठीत वेगळा शब्द नाही, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की ती उणीव त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर भरून काढायला सुरुवात केली.

"अगं, एग दे जरा."

"मीठ म्हणा," ताई म्हणाली.

"मीठ हे नाव झालं."

"मग घ्या नाव. लग्नात माझं घेतलं होतंत, उखाण्यात, दोनशे माणसांसमोर. मिठाचं घ्यायला काय झालं?"

त्यांची मुलगी नॉटिंगहॅममध्ये जन्मली, वाढली, आता ब्रॅकनेलला नोकरी करते. तिच्या मराठीत बस कधी येतो आणि कधी येते, ते त्या दिवशीच्या हवेवर अवलंबून असतं. थोरल्या साडूंनी तिला त्यावरून वीस वर्षं टोकलं होतं. जॉर्जियन भाषेत तो, ती आणि ते या तिघांना मिळून एकच शब्द आहे, हे पुस्तकात वाचल्यावर त्यांनी तिला त्याच दिवशी ऑफिसात फोन केला आणि माफी मागितली.

"म्हणजे माझा मराठी बरोबर होता, बाबा?"

"नाही. तुझं मराठी चूकच आहे. पण तिकडे चाललं असतं."

"मग मला तिकडेच न्यायचं होतं ना. इथे मावशी पण हसतो माझ्यावर."

मावशी म्हणजे माझी बायको. ती खरोखरच हसते. जॉर्जियनमध्ये 'स्वतःला' म्हणायचं असेल तर 'स्वतःच्या डोक्याला' म्हणतात, हे कळल्यापासून थोरले साडू फोन ठेवताना मला "डोक्याला जपा" म्हणू लागले, तेव्हा तिनं मला विचारलं होतं की भावजींना तुमच्याबद्दल नक्की काय कळलं आहे.

पण त्यांचं घोडं जिथे कायमचं अडलं ती जागा म्हणजे नकाराची तीन सर्वनामं. जॉर्जियन लोकांकडे 'कुणी नाही' तीन प्रकारचं आहे. 'आरावीन' म्हणजे कुणी नाही. 'वेरावीन' म्हणजे कुणाला जमत नाही म्हणून कुणी नाही. आणि तिसरं, कुणी करू नका, कुणी हलू नका, अशा अर्थाचं 'कुणी नाही'. हे ऐकल्यावर मला ती भाषा एकदम पटली, कारण आमच्या वॉटफर्डच्या मंडळात गणपती झाल्यावर खुर्च्या उचलायच्या वेळी पहिली दोन लागतात आणि फोटो काढायच्या वेळी तिसरं. थोरल्या साडूंना अर्थ तिन्हींचा पाठ होता. तिसरा शब्द मात्र जिभेवर यायचा नाही. सत्तावीस सर्वनामं ओलांडून शेवटच्या दोनांपर्यंत जाणारा त्यांचा रस्ता रोज तिथेच अडायचा. रोज म्हणजे रोज.

त्या ऑक्टोबरच्या शनिवारी मी हे प्रत्यक्ष पाहिलं. बतोनो उलट्या क्रेटवर बसलेले, मांडीवर शिंप्याची लांब कात्री. थोरले साडू समोर उभे, हात मागे, मान ताठ, अडुसष्टीकडे झुकलेला माणूस चौथीतल्या पोरासारखा. परवचा सुरू झाला. चूक झाली की बतोनो बोलत नसत. एक बोट वर करत, सावकाश उठत, थोरल्या साडूंच्या झाडावरचं सगळ्यात मोठं फूल कात्रीनं कापून आपल्या टोपलीत टाकत, परत येऊन बसत आणि म्हणत, "अगेन." एका चुकीला एक झेंडू, हा दोघांनी पहिल्या वर्षीच ठरवलेला दर. मी मोजत होतो, कारण ती माझ्या तोरणाची फुलं होती. सतरांपैकी नऊ त्या तिसऱ्या नकारावर गेली.

"अहो, घरी जाऊन म्हणा की," मी न राहवून म्हणालो. "फुलं तरी वाचतील."

"फूल गेलं की चूक लक्षात राहते."

"नऊ गेली तरी तीच चूक?"

त्यांनी परत 'मे'पासून सुरुवात केली. बतोनोंना मराठी येत नाही, पण कुणाची खरडपट्टी चालली आहे ते त्यांना नेमकं कळलं. निघताना त्यांनी माझ्या हातात एक कागदी पिशवी दिली. गाडीत आतले झेंडू मोजले. त्यांच्या स्वतःच्या झाडांवरचे, विटकरी, बरोबर सतरा. त्या वर्षी आमच्या दारावरचं तोरण अर्धं केशरी आणि अर्धं विटकरी होतं, आणि समोरच्या इंग्रज शेजाऱ्यानं ते डिझाइन म्हणून नावाजलं.

फेब्रुवारीत बतोनोंना स्ट्रोक झाला. उजवा पाय ओढायला लागला, उजवा हात थोडा गेला, पण वाचा पूर्णच गेली. इंग्रजीही गेली आणि जॉर्जियनही. मुलगी कॅनडाहून धावत आली, दहा दिवस राहिली. ते तिचा हात सोडत नसत, पण शब्द एक नाही. हॉस्पिटलनं फोनवरून जॉर्जियन दुभाषी आणून दिला. स्पीकरमधून आवाज आला की बतोनो डोळे मिटून घेत. मुलीची रजा संपली. जाताना तिनं थोरल्या साडूंना सांगितलं की डॅडना घरीच राहायचं असणार, हे मला माहीत आहे, पण पाणी हवं की दुखतंय एवढंही ते सांगू शकले नाहीत तर त्यांना एकटं कुणी ठेवू देणार नाही. मंगळवारी मीटिंग होती. घर की केअर होम, ते त्यात ठरायचं होतं. केअर होममध्ये जागा होती ती चाळीस मैलांवर.

थोरले साडू रोज दोन ते चार वॉर्डात जाऊन बसत. ग्लास भरत, उशी सारखी करत, गोळ्यांचा चार्ट वाचत, आणि गप्प बसत. मीटिंगच्या आधीच्या शनिवारी मी वॉटफर्डहून गेलो तेव्हा ताईही होती. पाऊण तास आम्ही तिघं त्या पलंगाभोवती बसलो होतो. बतोनो खिडकीकडे बघत होते. शेवटी ताईलाच सहन होईना.

"तीन वर्षं माझ्या घरात दिवसरात्र घोकत होतात. आता का गप्प?"

"आजारी माणसासमोर पाढे म्हणू?"

"मग तुम्हाला दुसरं काय येतं?"

हे खरंच होतं. थोरल्या साडूंनी क्षणभर विचार केला, खुर्ची मागे सारली, उभे राहिले, हात मागे घेतले आणि खालच्या आवाजात सुरू केलं. मे, शेन, इस. समोरच्या पलंगावरच्या गृहस्थांनी पेपर खाली घेतला. च्वेन, त्क्वेन, इसिनी. नर्स ट्रॉली घेऊन येत होती ती दारात थांबली. त्यांचा आवाज हळूहळू अलॉटमेंटवरच्या पट्टीत गेला. सहा, बारा, पंधरा, वीस, चोवीस, मी मनात मोजत होतो. बतोनो खिडकीकडेच बघत होते.

"आरावीन," थोरले साडू म्हणाले. "वेरावीन."

आणि थांबले. मी नंतर त्यांना विचारलं की मुद्दाम थांबलात का. ते म्हणाले, "छे. मला ते कधीच आलेलं नाही." वॉर्डात सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते जमिनीकडे. मी बारापर्यंत मोजलं असेल.

"नुरावीन," पलंगावरून आवाज आला.

जड होता, ओला होता, पण शब्द पूर्ण होता. बतोनोंनी मान वळवली होती. डाव्या हाताचं एक बोट वर केलं होतं. एक झेंडू दंड.

थोरले साडू खाली बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला आणि परत पुसला. उरलेली दोन सर्वनामं त्या दिवशी म्हणायची राहिली. चार वर्षांत त्यांनी अर्धवट सोडलेला तेवढाच परवचा. दारातल्या नर्सला काय झालं ते कळेना, तेव्हा ताईनं तिला इंग्रजीत सांगितलं, "काही नाही, ते माझ्या मिस्टरांचे मास्तर आहेत. आज शिकवणी होती."

सोमवारी स्पीच थेरपिस्ट म्हणाली की असं होतं. वाक्य गेलेल्या माणसाला कधी कधी ओळीनं पाठ असलेलं आधी परत येतं, आकडे, वार, प्रार्थना. तिनं आकडे आणि वार म्हणून पाहिले होते. बतोनोंना आणखी काय पाठ आहे ते तिला कोण सांगणार? तिनं थोरल्या साडूंचा तक्ता मागून घेतला, दोन तास दोघांना घेऊन बसली आणि मंगळवारच्या मीटिंगला त्यांनाही बोलावलं. तिथे काय झालं ते मी थोरल्या साडूंकडून ऐकलं आणि त्यांना तिखटमीठ लावता येत नाही, त्यामुळे ते तसंच झालं असणार. टेबलावर दोन फोटो ठेवले. एक बतोनोंच्या घराचा, एक केअर होमचा. थोरल्या साडूंना सांगितलं, विचारा. त्यांच्याकडे क्रियापद नव्हतं, घराला शब्द नव्हता, राहण्याला शब्द नव्हता. त्यांच्याकडे पाच प्रश्नार्थक सर्वनामं होती. त्यातलं एक त्यांनी निवडलं. "रोमेली?" म्हणजे कोणतं.

बतोनोंनी डावं बोट घराच्या फोटोवर ठेवलं. "एस," ते म्हणाले. मग तेच बोट उचलून छातीवर ठेवलं. "मे."

सोशल वर्करनं फोनवरच्या दुभाष्याला विचारलं की हे वाक्य झालं का. दुभाषी म्हणाला, वाक्य झालं नाही, पण यात शंका घ्यायला जागाही नाही. तसं लिहून घेतलं गेलं.

बतोनो घरी आले. सकाळ-संध्याकाळ केअरर येते, गळ्यात मदतीला बोलवायचं लाल बटण आहे, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा दर रविवारी थोरले साडू भरतात, एक कप्पा पूर्ण करून मगच दुसरा. रोज दहा वाजता ते जातात आणि दोघं बोलतात. मी ऐकलं आहे. एकाचं बोट बरणीकडे, "एस?" दुसऱ्याचं बोट खिडकीतल्या डब्याकडे, "इस." "रा?" म्हणजे काय, आणि "वीन?" म्हणजे कोण, दारावर कुणी आलं की दोघं एकदम. मुलीचा फोन आला की बतोनो तिला "शेन" म्हणतात, तू. काही नामं त्यांना परत येत आहेत, थेरपिस्ट समाधानी आहे, पण हळू. सध्या त्या शहरात बरोबर तेवढीच भाषा येणारे दोनच गृहस्थ आहेत.

मुलीनं कॅनडाहून थोरल्या साडूंसाठी नवीन पुस्तक पाठवलं, क्रियापदांचं, रंगीत चित्रांसकट. त्यांनी ते कव्हर घालून कपाटात ठेवलं. मी विचारलं, आता तरी पुढे जायला काय हरकत आहे.

"वर्गात दोघंच आहोत," ते म्हणाले. "एकानं पुढे जाऊन कसं चालेल?"

त्यांच्या जुन्या पुस्तकात चौदा प्रकरणं आहेत. एकाला चार वर्षं लागली आणि ते संपलेलं नाही. उरलेल्या तेरा प्रकरणांना याच वेगानं बावन्न वर्षं. थोरले साडू अडुसष्ट, बतोनो एक्याऐंशी. हा हिशेब मी एम वन मोटरवेवर, गाडी चालवताना केला आणि कुणाला सांगितला नाही.

यंदा दसऱ्याच्या आदल्या शनिवारी मी परत गेलो. हजर चौघं: थोरले साडू, घडीच्या खुर्चीत पायांवर ब्लँकेट घेतलेले बतोनो, थर्मास घेऊन ताई, आणि मी. दोन्ही पट्ट्या थोरल्या साडूंनीच खणल्या होत्या. आधी बतोनोंची पूर्ण, मग स्वतःची, त्यामुळे स्वतःकडचा झेंडू उशिरा लागला होता आणि जेमतेम होता. यंदाची पद्धत वेगळी होती. एक सर्वनाम एकानं म्हणायचं, पुढचं दुसऱ्यानं, आणि दंड दोघांनाही. मला मोजायला बसवलं, वही देऊन, कारण त्या मंडळीत मोजण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. कात्री आळीपाळीनं. बतोनो चुकले की थोरले साडू उठत आणि त्यांच्या झाडावरचं फूल कापत. सगळ्यात मोठं कापायचा नियम होता. पहिल्या चुकीला त्यांनी लहानसं कापायला घेतलं. बतोनोंनी बोट वर केलं आणि झाडावरचं मोठं दाखवलं. "इस." मग थोरल्या साडूंनी ते कापलं.

थोरले साडू चार वेळा चुकले, चारही वेळा त्याच जागी. पाचव्या वेळी त्यांनी 'नुरावीन' म्हटलं आणि स्वतःच दचकले. ताई थर्मासचं झाकण उघडता उघडता म्हणाली, "आता नवीन काहीतरी चुकायला शोधा." मग दोन सर्वनामं उरली. स्वतःला, म्हणजे डोक्याला, हे बतोनोंनी म्हटलं, डोक्यावर हात ठेवून. शेवटचं 'एर्तमानेती'. एकमेकांना. पाळी खरं तर थोरल्या साडूंची होती, पण कुणाची ते दोघंही विसरले आणि दोघांनी मिळून म्हटलं. त्याला दंड लावायचा का, असं मी विचारलं. ताईनं माझ्या हातात चहा दिला, म्हणून लावला नाही.

आकाश भरून आलं होतं, चार वाजताच अंधारून येणारे दिवस आता लांब नव्हते. पहिलं दव गोठलं की दोन्ही पट्ट्यांवरचा झेंडू काळा पडतो. थोरल्या साडूंनी बतोनोंच्या पायांवरचं ब्लँकेट नीट केलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

शेवटी चुकता झालेला हिशेब असा. बतोनोंनी थोरल्या साडूंना भरले नऊ झेंडू, विटकरी. ते ताईनं मला तोरणाला दिले. थोरल्या साडूंनी बतोनोंना भरले पाच, केशरी. त्यातले चार त्या दिवसाचे आणि एक फेब्रुवारीचा, जो तेव्हा कुठेच फुललेला नव्हता आणि जो थोरल्या साडूंनी सगळ्यात आधी, कुणी न मागता, स्वतः कापून दिला होता. बतोनोंना भरलेली दंडाची फुलं त्यांच्या टोपलीत जातात, असा पहिल्यापासूनचा नियम आहे. मी टोपली मोजली तेव्हा त्यात चारच भरली. पाचवं बतोनोंच्या कोटाच्या वरच्या खिशात होतं, देठ आत आणि फूल बाहेर, शिंप्यानं लावावं तसं सरळ. मी वहीत 'पाच, बतोनोंना, पावते' असं लिहिलं आणि वही मिटली.